दीडच्या आत

वेळ काढून देणं हे काही तेजस्वीचं काम नव्हतं. तिचं काम कॅमेऱ्याचं. अंबरनाथ पूर्वेच्या त्या तीन मजली हॉस्पिटलात बायपास असली की उघड्या हृदयावर उष्णता टिपणारा कॅमेरा रोखून बसायचं आणि पडद्यावर काय दिसतं ते डॉक्टरांना सांगायचं, एवढंच. पण बुधवारी संध्याकाळी वेणूबाईंनी विचारलं आणि तिने सांगून टाकलं. सांगून विसरली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण गुरुवारी पहाटे, चिखलोलीच्या त्या नवव्या मजल्यावरच्या घरात, देवापुढे समई लावताना तिचा हात दोनदा वातीवरून घसरला, आणि जपाची माळ कुठवर आली तेच तिला कळेना. बोटं पुढे, मन मागे. मन अडकलं होतं ते एकाच शब्दावर. दीड.

झालं होतं असं. भगवंत भोईर, वय एकसष्ट, राहणार पालेगाव. हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या, गुरुवारी सकाळी ऑपरेशन. आदल्या संध्याकाळी तेजस्वी त्यांच्या खाटेशी गेली. कॅमेरा काय करतो ते सांगून कागदावर सही घ्यायची असते. भगवंत छाती-पाय गुळगुळीत करून घेऊन बसले होते.

"कोंबडी सोलतात तसा सोललाय मना," ते म्हणाले. "आता निस्तं मीठ-मसाला लावायचा बाकी हाय."

"गप बसा," पायथ्याशी बसलेल्या वेणूबाई म्हणाल्या. "ती बाय काय सांगते ते आयका."

तेजस्वीने सांगितलं. हृदय थांबवून बर्फासारखं गार करतात. मग नवा रस्ता जोडला की त्यातून ऊबदार रक्त सोडतात. रक्त जिथे पोचतं तिथे पडद्यावर लाल दिसतं, नाही पोचलं तर निळंच राहतं. डोळ्यांना कळत नाही, ते कॅमेऱ्याला कळतं.

भगवंतांनी सही केली. वेणूबाईंनी थर्मासमधला चहा पुढे केला, तर तेजस्वी हळूच म्हणाली, "नको काकू, संध्याकाळचा जप झाल्याशिवाय मी काही घेत नाही."

वेणूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मनगटातला दोरा पाहिला, कपाळावरचं बारीक कुंकू पाहिलं.

"म्हंजे तू करनारी हायस. मंग मना एक सांग. आमचे घरात बोरवेल मारायची असली तरी वेळ बघितल्याबिगर पाय उचलत नाय. आनि हितं ह्यांचं काळीज बंद करनार, परत चालू करनार. त्याला वेळ नको?"

इथे तेजस्वीने म्हणायला हवं होतं, काकू, ते डॉक्टर ठरवतील. तोंडाशी आलंही होतं. पण या हॉस्पिटलात आठ महिने झाले, कुणी तिला विचारलं तर बिलाची खिडकी कुठे आणि लिफ्ट चालू आहे का, एवढंच. जे तिला खरंच येत होतं, ज्यात तिची सकाळ-संध्याकाळ जात होती, ते पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

"उद्या गुरुवार," ती म्हणाली. "दीड ते तीन राहुकाळ. दीडच्या आत हृदय पुन्हा सुरू झालं की काळजी नाही."

ते शेवटचे दोन शब्द जास्तीचे होते. वेणूबाईंनी तेच धरले. डॉक्टर गंधार फेरीला आले तेव्हा त्यांना दारातच गाठून त्यांनी दीडचा शब्द घेतला. डॉक्टर हसले. "आठला आत घेतो काकू. दीड म्हणजे डोक्यावरून पाणी. दिला शब्द."

*

गुरुवारी सगळं वेळेवर सुरू झालं होतं, आणि तरी काहीतरी धड नव्हतं. भूल द्यायला वीस मिनिटं जास्त गेली. पायातली शीर काढताना ती एका जागी बारीक निघाली, म्हणून मांडीपर्यंत वर जावं लागलं, त्यात तासभर गेला. हृदय थांबवलं तेव्हाच बारा वाजून गेले होते. तेजस्वी आपल्या स्टुलावर, डोक्याच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या दांड्याला टेकून बसली होती. स्टुलाखाली तिचा पाय सारखा हलत होता. दोनदा तिने तो दुसऱ्या पायाने दाबून धरला.

पंपावर कमलेश होता. हृदय थांबलेलं असताना अंगभर रक्त फिरवणारं यंत्र त्याच्या ताब्यात. उल्हासनगर पाच नंबरचा सिंधी, चोवीस तास गप्पा. त्याला वेणूबाईंना दिलेला शब्द कळला होता, म्हणजे आता सगळ्या थिएटराला कळला होता.

"साईं, एक बज गया. राहुकाल को तीस मिनट."

"तू पंप बघ," डॉक्टर गंधार भिंगांच्या चष्म्यातून वर न बघता म्हणाले. "घरी दिलेला शब्द मोडला तर एक दिवस जेवण मिळत नाही. पेशंटच्या बायकोला दिलेला मोडला तर पालेगाव दारात येतं."

सगळे हसले. अंजनी सिस्टर मोठ्याने हसल्या. पंचवीस वर्षं थिएटरात काढलेली बाई, कुळगावची. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत त्यात हवं ते हत्यार पडलेलं असायचं. "आमच्या तेजस्वीने वेळ काढून दिलीय म्हणे," त्या म्हणाल्या. "बोलली कशी पण ही? हिचा आवाज भिंतीला ऐकू जात नाही, तो काकूंना गेला!"

तेजस्वी मास्कच्या आत हसली, पण तिची नजर घड्याळावर गेलीच. भिंतीवरचं ते गोल, पांढरं घड्याळ आज तिच्याशीच बोलत होतं.

तीन रस्त्यांपैकी पायातल्या शिरांचे दोन जोडून झाले होते. ते दोन्ही तिने तपासले होते. त्यांतून गार औषध सोडलं की पडद्यावर निळ्यात आणखी गडद निळं पसरत जातं, तसं ते गेलं होतं, अगदी कडेपर्यंत. राहिला तिसरा. तोच सगळ्यांत मोठा. छातीच्या आतल्या बाजूची धमनी खाली वळवून हृदयाच्या समोरच्या नळीला जोडायची. पुढची सगळी भिंत त्या एका नळीवर जगते.

एक वाजून दहा मिनिटांनी शेवटची गाठ पडली.

"तेजस्वी, चिमटा काढतोय. बघ."

तिने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. पडद्यावर हृदय निळंकाळं पडलं होतं, गार. डॉक्टरांनी धमनीवरचा बारीक चिमटा काढला आणि वरून एक लाल धागा सरसरत आला. शेतात पाटाचं पाणी सोडल्यावर ते जसं वळणं घेत टोकापर्यंत धावतं, तसं ते आता खाली धावायला हवं होतं. तो टाक्यापाशी आला. तिथे एक लाल ठिपका साठला. थोडा मोठा झाला. खाली निळंच.

एक. दोन. तीन. चार.

टाक्यातून रक्ताचा एक थेंब झिरपला आणि अंजनी सिस्टरांचा हात, पंचवीस वर्षांच्या सवयीने, आपोआप पुढे आला. रबरी पिचकारीतून कोमट पाणी फुस्सकन हृदयावर गेलं. टाका स्वच्छ दिसावा, म्हणून. पडदा क्षणात पिवळा, नारिंगी, तांबडा झाला. सगळं हृदय उजळलं.

आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर गंधारांनी मान वर केली.

"वा! काय सुंदर भरलंय. चला, कमलेश, गरम करायला लाग. मोठा क्लॅम्प काढून हृदय चालू करू."

"दीड के पहले, साईं! पालेगाव बच गया."

नियम असा होता, की चिमटा काढल्यावर निदान दहा सेकंद हृदयाला पाण्याचा थेंब लावायचा नाही. कॅमेरा वरवरचं बघतो, आतलं नाही. ऊन पाणी टाकलं की दगडसुद्धा लाल दिसेल. हा नियम सगळ्यांना पाठ होता. अंजनी सिस्टरांनीच तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवला होता. एरवी त्या दहा आकडे मोजायच्या. आज सगळ्यांच्याच मनात दुसरे आकडे होते.

"सर, एक मिनिट," तेजस्वी म्हणाली.

पंपाची घरघर, सक्शनचा आवाज, कमलेशचं हसणं. कुणी ऐकलं नाही.

आणि तिने पुन्हा म्हटलं नाही.

का म्हटलं नाही, याचा हिशोब तिला पुढे कितीतरी दिवस लागला नाही. त्या वेळी डोक्यात एकावर एक येत गेलं. चारच सेकंद तर पाहिलं. पाचव्या सेकंदाला रक्त खाली उतरलंही असेल. डॉक्टरांचा हात चुकत नाही. पुन्हा बघायचं तर हृदय परत गार करावं लागेल, म्हणजे ते आणखी बंद राहणार, आणि बंद हृदयाचं एकेक मिनिट महाग असतं. आपलं चुकलं तर ते मिनिट कुणी भरून द्यायचं? हे सगळं खरं होतं. पण या सगळ्याच्या खाली दुसरंच एक बसलं होतं, गप्प, आणि तेच जड होतं. दीडच्या आत. वेळ चांगली आहे. आपण स्वतः पाहून दिली आहे. चांगल्या वेळेवर वाईट कसं होईल? देवाने वेळ जुळवून आणली, तर रक्तही पोचलंच असेल.

तिने असा विचार केला आणि तिची तिलाच भीती वाटली.

म्हणजे मी पडद्यावर बघत नाही, घड्याळात बघते आहे. समोर एक माणूस छाती उघडी टाकून पडलाय, आणि मी त्याच्या हृदयाऐवजी माझा शब्द सांभाळते आहे.

ओरडणं तिला जमलं नसतं. तिने एकच केलं. भिंतीवरचा मोठा पडदा तिच्या हाताखालच्या कळफलकावर चालायचा. तिने रेकॉर्डिंग मागे नेलं, त्या चार सेकंदांवर आणलं आणि थांबवलं. भिंतीवरचं उजळलेलं हृदय गेलं. तिथे गार निळं हृदय आलं, आणि टाक्यापाशी अडकलेला एक लाल ठिपका.

"स्क्रीनला काय झालं?" डॉक्टर गंधारांचा आवाज एकदम चढला.

"काही नाही झालं, सर. मी लावलंय. हे पाणी टाकायच्या आधीचं आहे."

आता सगळे थांबले होते, त्यामुळे ऐकू गेलं.

"किती सेकंदांचं?"

"चार."

"चार सेकंदांत काय कळतं? धमनी आखडलेली असते कधीकधी. सावकाश भरते."

"हो, सर."

"मग?"

"मग... मला माहीत नाही, सर. पण ठिपक्याच्या खाली एकदाही लाल झालं नाही. नंतर जे दिसलं ते पाण्याचं होतं."

"म्हणजे मी पाणी टाकलं म्हणून?" अंजनी सिस्टरांचे डोळे मास्कवर मोठे झाले.

"ताई, तुम्ही नेहमी टाकता. आज मोजायच्या आधी टाकलंत. आणि मीही थांबा म्हटलं नाही."

डॉक्टर गंधार पडद्याकडे बघत राहिले. "पुन्हा बघायचं तर परत गार करावं लागेल. सहा-सात मिनिटं. आणि काहीच निघालं नाही तर ती सात मिनिटं या हृदयाला फुकट बंद ठेवलं, असं होईल. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"आणि तुझं दीड?"

ते थट्टेने म्हणाले की खरंच विचारलं, हे मास्कमुळे कळलं नाही. तेजस्वीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"दीड जाऊ दे, सर."

*

धमनीला पुन्हा चिमटा लागला. कमलेशने गरम करणं थांबवून गार औषधाचा आणखी एक डोस सोडला. या वेळी तो काही बोलला नाही. अंजनी सिस्टरांनी बर्फाच्या भांड्यातलं पाणी हृदयावर ओतलं, पिचकारी उचलली आणि मागच्या टेबलावर, हात पोचणार नाही अशा जागी नेऊन ठेवली. पडद्यावरचा पिवळा उतरला, मग हिरवा, मग निळा. दोन मिनिटं कुणी कशाला हात लावायचा नाही. ती दोन मिनिटं सरता सरेनात. तेजस्वीची बोटं अंगठ्यावर फिरत होती. नाम घेत होती असं तिला वाटत होतं, पण ती नुसते सेकंद मोजत होती.

"काढतोय."

लाल धागा आला. टाक्यापाशी आला. ठिपका झाला.

पाच. आठ. दहा. कुणी हललं नाही. पंधरा. डॉक्टर गंधारांचे दोन्ही हात हवेत, नजर भिंतीवर. वीस. खाली निळं ते निळंच. पुढची सगळी भिंत, जणू तिला कुणी बोलावलंच नाही.

"बारीक दोरा, आठ-शून्यचा," डॉक्टर गंधार म्हणाले. दुसरं काही म्हणाले नाहीत.

टाके उसवले. भिंगातून ते बराच वेळ बघत होते. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "नळीची मागची भिंत पकडलीय एका टाक्यात. तोंडच शिवून टाकलं मी."

थिएटरात कुणाच्या हातून काही चुकलं की त्यावर बोलायचं नाही, पुढचं हत्यार द्यायचं. अंजनी सिस्टरांनी दिलं. घाईने शिवलं होतं ते आता सावकाश शिवलं जाऊ लागलं. एकेक टाका, तांदळाच्या दाण्याहून बारीक. तेजस्वीने ठरवलं होतं, घड्याळाकडे बघायचं नाही. तरी काटा दीडवर आला तेव्हा तिने पाहिलंच. काही झालं नाही. पंप घरघरत होता, डॉक्टरांचा हात चालू होता. पण तिचा विश्वास होता तो होता. एका दुपारीत तो कुठे जाणार? राहुकाळ लागला होता आणि माणूस अजून उघडा होता, आणि तो उघडा ठेवा म्हणून तिनेच सांगितलं होतं. देवा, तुला काय हवं ते माझ्याकडून घे, ती मनात म्हणाली. यांच्याकडून नको.

एक पस्तीसला चिमटा तिसऱ्यांदा निघाला. लाल धागा आला, टाक्यापाशी क्षणभर थबकला, आणि मग तो खाली उतरला. वळला. फुटला, दोन फाटे झाले, आणि हृदयाच्या टोकापर्यंत धावत गेला. त्याच्या दोन्ही काठांनी निळ्याचा जांभळा होऊ लागला. कोमट पाणी न टाकता.

"दहा," अंजनी सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. त्या मोजत होत्या.

मोठा क्लॅम्प निघाला. हृदय थरथरलं, पिशवीत मासळी वळवळावी तसं, ताल नाही, काही नाही. विजेचा एक झटका द्यावा लागला. मग एक ठोका पडला, बराच वेळाने दुसरा, आणि मग चालू झालं. कमलेशने नोंदवहीत वेळ लिहिली. एक बेचाळीस.

सगळ्यांनी श्वास सोडला. तेजस्वीने सोडला नाही. छाती बंद व्हायला लागली, तिचं काम संपलं, तेव्हा तिने रेकॉर्डिंग पुन्हा लावून पाहिलं. ठिपका अडकलेला दिसला तिथपासून तिने तो पडद्यावर लावला तिथपर्यंत. बावन्न सेकंद. बावन्न सेकंद ती गप्प बसली होती.

*

डॉक्टर गंधार बाहेर आले तेव्हा दोन वीस झाले होते. तेजस्वी त्यांच्या मागेच होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर वेणूबाई चपला काढून, पाय वर घेऊन बसल्या होत्या. शेजारी मुलगा संदीप, मोबाइल हातात पण स्क्रीन बंद.

"छान झालं, काकू. तीन नवे रस्ते. उद्या सकाळपर्यंत बोलायला लागतील."

"आनि वेळ?"

"दीडच्या आत," डॉक्टर गंधार पापणी न लववता म्हणाले. वेणूबाईंच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि ते जेवायला गेले. त्यांच्या मनात चांगलंच होतं. सकाळपासून बसलेल्या बाईला आणखी कशाला घोर?

वेणूबाईंनी तेजस्वीचे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले. "बाय, तुझ्यामुलं गो. तू वेळ दिलीस म्हनून."

हे मात्र तिला पेलवेना. ती रोज जी व्रतं करायची त्यांतलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात अवघड हेच होतं, की खोटं बोलायचं नाही. पण व्रताचंही सोडा. ते हात कपाळाला लागलेले, आणि ते खोट्यावर लागलेले. तिने ते सोडवून घेतले.

"काकू, दीडच्या आत नाही झालं. एक बेचाळीसला सुरू झालं."

"डाक्टर तर बोलले..."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले."

"आनि तू कशाला सांगतेस? मना बरं वाटू नये म्हनून?"

"आई, सोड ना," संदीप म्हणाला. "बारा मिनिटांनी काय फरक पडतो? टाइम-बिम काय नसतं."

"तू गप रे. लग्नाला तुझ्या कोन मुहूर्त बघत व्हता मंग?" वेणूबाईंची नजर तेजस्वीवरून हलली नाही. "म्हंजे राहूत?"

"हो. मीच थांबवायला लावलं." आणि तिने सगळं सांगितलं. लाल धागा, ठिपका, कोमट पाणी, चुकलेला टाका. बावन्न सेकंदसुद्धा सांगितले. सांगताना तिला वाटलं, आता ही बाई ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल.

वेणूबाई ओरडल्या नाहीत. "दीडला चालू केलं असतं तर?"

"सुरू झालं असतं. पण समोरची भिंत उपाशी राहिली असती. आज संध्याकाळी कळलं असतं, नाहीतर उद्या."

"आनि ती घाई कुनी लावली?"

"मी."

"वेळेचं सांगायला नको व्हतं तर सांगायचं नव्हतं तू."

"नव्हतं सांगायचं."

वेणूबाई पुन्हा बाकावर बसल्या. पदराने मान पुसली. खिडकीबाहेर पालेगावच्या बाजूला नव्या इमारतींच्या क्रेन उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्या बघत होत्या की नव्हत्या, कुणास ठाऊक. मग एकदम वळल्या.

"जालं ते जालं. आता उपाय सांग. नारळ उतरवू? उपास धरू? काय देऊ ते सांग, संदीपला आत्ता धाडते."

तेजस्वीला उपाय ठाऊक होते. एक नाही, दहा. जिभेवर होते. एक सांगितला असता तर या बाईचे हात पाय कामाला लागले असते, जीव थोडा तरी थाऱ्यावर आला असता. आणि आपलाही.

"मला नाही माहीत, काकू," ती म्हणाली. "खरंच नाही. आता त्यांचा बीपी किती, लघवी किती होते, नळीतून रक्त किती येतं, हे बघायचं. ते मी तुम्हाला येऊन सांगत जाईन. घरी नाही जात मी आज लवकर."

"बीपी सांगनार," वेणूबाई म्हणाल्या. "व्वा."

*

दोन पन्नासला थिएटरचं दार उघडलं. खाट बाहेर आली. भगवंतांच्या तोंडात नळी, भुलेचे डॉक्टर हाताने फुगा दाबत श्वास देत होते, अंजनी सिस्टर सलाइनच्या बाटल्या सांभाळत. दुसऱ्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात न्यायचं होतं.

वेणूबाई उठल्या आणि थेट खाटेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"धा मिनटं," त्या म्हणाल्या. "तीन वाजू द्या. नव्या खोलीत उंबरा वलांडून न्यायचंय, राहूत नको. धाच मिनटं थांबा, पाया पडते."

"आई!" संदीपने तोंड फिरवलं.

"बाई, बाजूला व्हा," भुलेचे डॉक्टर म्हणाले. पण फुगा सोडून त्यांना हात हलवता येत नव्हता. अंजनी सिस्टरांनी तेजस्वीकडे पाहिलं. काकूंची वेळ काढणारी तू, आता तूच बघ, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

तेजस्वी पुढे झाली. तिने वेणूबाईंचा दंड धरला. "काकू, व्हा बाजूला. त्यांना खाली मशीनवर घ्यायचंय. हातावर श्वास चाललाय."

"तुझं आयकूनच जालं ना सगलं?"

"हो. तरी व्हा."

"आनि काय जालं तर?"

"तर मला विचारा. पण इथे दहा मिनिटं नाही थांबवायचं."

वेणूबाईंचा दंड तिच्या मुठीत ताठ होता. मग सैल पडला. खाट पुढे सरकली, लिफ्टमध्ये शिरली, दार मिटलं. आत दोघींना जागा नव्हती. वेणूबाई अनवाणीच जिन्याकडे धावल्या, साडीचा घोळ मुठीत धरून, आणि तेजस्वी त्यांच्या मागे. एक मजला उतरायला किती वेळ लागतो? तेवढ्यात खाट आत गेलेली, दार बंद झालेलं. दाराला वर एक गोल काच होती. वेणूबाईंची उंची तिथे पोचत नव्हती.

त्या दाराला पाठ लावून खाली बसल्या. "बघ," म्हणाल्या. "तू बघ आनि सांग."

तेजस्वी टाचा उंच करून उभी राहिली. नळ्यांच्या, माणसांच्या फटीतून खाटेच्या वरचा पडदा तेवढा दिसत होता. हिरवी रेघ चालली होती.

"यंत्राला जोडलंय. ठोके ब्याण्णव. बीपी एकशे चार."

"चांगला का वाईट?"

"चांगला."

"आता?"

"एकशे आठ."

तेजस्वीच्या पोटऱ्या भरून आल्या, पण तिने टाचा टेकल्या नाहीत. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरत होती, ती तिने ओढणीने पुसली.

"बाय, आता?"

"एकशे सहा. थांबा, कुणीतरी आडवं आलंय."

"आता?"